रस ओसरल्यानंतर : चित्रपट आणि भावनेचा ठसा

चित्रपटगृहाच्या अंधारात डोळ्यांत पाणी येणे ही एक घटना आहे. चित्रपट पाहून अनेक वर्षे उलटल्यावर त्यातील एखादी गोष्ट अवचित मनात उभी राहणे ही दुसरी. चित्रपटासंबंधीच्या चर्चेत या दोन्ही एकाच जातीच्या मानल्या जातात. पहिली जितकी तीव्र तितकी दुसरी टिकाऊ, असा कार्यकारणसंबंधही त्यांच्यात गृहीत धरला जातो. प्रत्यक्ष अनुभव या गृहीताला दुजोरा देत नाही. ज्या चित्रपटाने रुमाल भिजवले त्याचे कथानकही चार महिन्यांनी नीट आठवत नाही, असे पुष्कळदा होते. उलट, कोरड्या डोळ्यांनी पाहिलेल्या एखाद्या चित्रपटाचा तुकडा आयुष्यभर सोबत करतो. तीव्रता आणि टिकाऊपणा एकत्र आढळतात हे खरे. पण एकीमुळे दुसरा संभवतो असे त्यातून सिद्ध होत नाही. तेव्हा हा ठसा कशाने उमटतो आणि तो नेमका कुठे उमटतो, हे प्रश्न स्वतंत्रपणे विचारणे भाग आहे.

मराठीतील चित्रपटसमीक्षेने हे प्रश्न सहसा विचारलेले नाहीत. वृत्तपत्रीय परीक्षणाला ‘हेलावून टाकणारा’ हे विशेषण पुरेसे वाटते. चित्रपट-मंडळांच्या चळवळीतून घडलेली गंभीर समीक्षा भावनेकडे संशयाने पाहते. तिच्या लेखी संयम हा गुण आणि अतिनाट्य हा दोष. पहिल्या भूमिकेत भावना हेच मूल्य ठरते, दुसरीत भावनेपासून राखलेले अंतर हे मूल्य ठरते. दोहोंच्या मधल्या जागेत एक मोठे वास्तव दुर्लक्षित राहते. बहुसंख्य प्रेक्षकांचे चित्रपटाशी असलेले सर्वांत दीर्घ नाते हे पडद्यावरील चित्रपटाशी नसून स्मरणातील चित्रपटाशी असते. या नात्याबद्दल समीक्षेला काही म्हणता येत नसेल, तर कलाकृती माणसाच्या जगण्यात काय करते या मूलभूत प्रश्नाच्या उंबरठ्यावरूनच ती परत फिरते, असे म्हणावे लागेल.

२

भारतीय काव्यशास्त्राकडे या संदर्भात वळणे स्वाभाविक आहे, कारण भावनेच्या आस्वादाची इतकी सूक्ष्म चिकित्सा अन्यत्र क्वचितच झालेली आहे. परंतु येथे एक अडचण आरंभीच समोर येते. अभिनवगुप्ताच्या मांडणीनुसार रस म्हणजे आस्वाद्यमानताच. चर्वणेच्या आधी तो नसतो आणि चर्वणेनंतर उरत नाही. ही भूमिका संक्षेपाने मांडताना मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त रसाचे आयुष्य विभावादींच्या आयुष्याइतकेच सांगितले आहे. पानकाची चव जशी ते पिताना असते, तसा रस आस्वादाच्या काळात असतो. याचा सरळ अर्थ असा की, दुःखाचा प्रसंग पडद्यावर चालू असताना प्रेक्षकाला जे जाणवते त्याचे स्पष्टीकरण रससिद्धान्त देऊ शकतो. दिवे लागल्यानंतर दहा वर्षांनी जे जाणवते ते मात्र त्याच्या व्याख्येनुसार रस नव्हेच. अॅरिस्टॉटलच्या विरेचनाच्या कल्पनेची गतही फारशी निराळी नाही. करुणा आणि भीती यांचा निचरा जर नाट्यगृहातच पूर्ण होत असेल, तर घरी नेण्यासारखे काही उरू नये. यशस्वी विरेचन आणि टिकाऊ ठसा या कल्पना एकमेकींना छेद देतात.

रससिद्धान्ताच्या परिसरातच मात्र या अडचणीतून वाट दाखवणारी आणखी एक संकल्पना आहे : वासना अथवा संस्कार. प्रेक्षकाच्या चित्तात आधीच असलेल्या वासनांमुळे हृदयसंवाद शक्य होतो, हे अभिनवगुप्ताचे प्रतिपादन सर्वपरिचित आहे. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गाणे ऐकून कारण न उमगता व्याकूळ झालेल्या दुष्यंताचा जो श्लोक आहे, त्याचा आधार अभिनवगुप्ताने घेतला आहे, हेही लक्षणीय आहे. तेथे मूळ प्रसंग आठवत नाही, तरी भाव जागा होतो. मात्र रसचर्चेत वासनेचा विचार प्रामुख्याने आस्वादाची पूर्वअट म्हणून होतो. आस्वाद स्वतः नवा संस्कार मागे ठेवतो काय, हा प्रश्न तेथे मुख्य नाही. न्यायशास्त्र हा दुवा पुरवते. त्यानुसार स्मृती ही संस्कारातून उत्पन्न होते आणि संस्कार जागा होण्यासाठी उद्बोधक लागतो. सदृश वस्तूचे दर्शन हा असाच एक उद्बोधक होय. चित्रपटाचा ठसा म्हणजे असा नवा संस्कार असेल, तर विचारार्थ प्रश्न हा की, त्याचा उद्बोधक प्रेक्षकाच्या रोजच्या जगण्यात कोणत्या वस्तूच्या रूपाने वावरतो?

या प्रश्नाचे महत्त्व साधारणीकरणाच्या संकल्पनेजवळ ठेवून पाहिले की स्पष्ट होते. भट्टनायकापासून चालत आलेल्या या विचारानुसार आस्वादात भाव व्यक्तिविशेषापासून सुटतो. तो ना पात्राचा राहतो, ना प्रेक्षकाचा. हे सुटणे म्हणजेच त्याचे अलौकिकत्व. ठसा उमटण्याची क्रिया नेमकी याच्या उलट दिशेने घडते. सर्वसाधारण झालेला भाव पुन्हा एका विशिष्ट वस्तूला, ध्वनीला, कृतीला जाऊन चिकटतो; आणि ती वस्तू प्रेक्षकाच्या स्वतःच्या लौकिक जीवनातील असते. या क्रियेला ‘पुनर्विशेषीकरण’ असे नाव देता येईल. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद हे कलाविचाराचे दोन ध्रुव म्हणून मांडले. पुनर्विशेषीकरणात या दोन ध्रुवांमधील ये-जा दिसते : भाव लौकिकातून अलौकिकात जातो आणि तेथून वेगळा होऊन लौकिकात परततो. ही कल्पना कितपत टिकते, हे प्रत्यक्ष कलाकृतींवरच तपासले पाहिजे.

३

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९५५) या चित्रपटातील दुर्गेच्या मृत्यूनंतरचा प्रसंग संयमाचा नमुना म्हणून वारंवार उल्लेखिला जातो. दीर्घ काळानंतर घरी परतलेल्या हरिहरला मुलीच्या मृत्यूची वार्ता नाही. तो आणलेल्या वस्तू एकेक करून पत्नीपुढे ठेवतो आणि अखेर दुर्गेसाठी आणलेली साडी पुढे करतो. सर्वजयेचा बांध फुटतो. परंतु तिचा आक्रोश ऐकू येत नाही. त्याच्या जागी रविशंकरांच्या संगीतातील तारशहनाईचा उंच, चिरत जाणारा स्वर येतो. शोकाचा आवाज शोक करणाऱ्या स्त्रीपासून काढून घेतला जातो. साधारणीकरणाचे याहून मूर्त उदाहरण शोधणे कठीण आहे. या क्षणी करुणाचा परिपोष होतो यात शंका नाही.

ठशाच्या दृष्टीने मात्र त्यानंतरचा, तुलनेने शांत प्रसंग अधिक निर्णायक आहे. कुटुंब गाव सोडून बनारसला निघाले आहे. आवराआवर करताना अपूच्या हाती एक मण्यांची माळ लागते. ही माळ चोरल्याचा आळ शेजारणीने दुर्गेवर घेतला होता. दुर्गेने तो नाकारला होता आणि त्यापायी आईच्या हातचा मारही खाल्ला होता. माळ घरातच सापडते याचा अर्थ आळ खरा होता. अपू कोणालाही काही न सांगता ती तळ्यात भिरकावतो. पाण्यावरचे शेवाळ क्षणभर फाटते आणि हळूहळू पुन्हा मिटते.

या प्रसंगात कोणीही रडत नाही. प्रेक्षकाच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे दुर्गेविषयीची त्याची करुणा सरळ राहत नाही. निष्पाप मुलीवर अन्याय झाला, एवढ्याने तिचा हिशेब मिटत नाही. मुलीने माळ घेतली होती, आणि तरीही तिच्यासाठी जीव तुटतो. दुसरी गोष्ट अशी की, अपूखेरीज हे गुपित फक्त प्रेक्षकालाच ठाऊक असते. सर्वजयेला ते कधी कळणार नाही. कथानकाने या भावनेचा निकाल लावलेला नाही; तिची राखण प्रेक्षकाकडे सोपवली आहे. शेवाळ मिटणारे तळे महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतही आहे. ज्याने हा चित्रपट पाहिला त्याला असे तळे पुढे केवळ तळे म्हणून दिसणे कठीण होते.

येथवरच्या विवेचनावरून संयमानेच ठसा उमटतो, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. ऋत्विक घटक यांचा ‘मेघे ढाका तारा’ (१९६०) त्या निष्कर्षाला आडवा येतो. फाळणीने उखडलेल्या आणि कलकत्त्याजवळच्या निर्वासित वसाहतीत राहणाऱ्या कुटुंबाचा भार वाहणारी नीता अखेर क्षयाने ग्रासली जाते. शिलाँगच्या आरोग्यधामात, भावाच्या भेटीत, आपल्याला जगायचे होते असा टाहो ती फोडते. रायांनी जो आक्रोश काढून घेतला, तो घटक पुरेपूर देतात. कॅमेरा डोंगरांवरून फिरतो आणि तो आवाज दऱ्यांत घुमत राहतो. त्याआधी नीतेच्या कोसळण्याच्या क्षणी ध्वनिपट्टीवर चाबकाचे फटकारे ऐकू आलेले असतात. पडद्यावर चाबूक कोठेच नसतो. संयमवादी कसोटी लावली तर हे सारे अतिनाट्य ठरेल. आणि तरीही या चित्रपटाचा ठसा ‘पथेर पांचाली’हून कमी टिकाऊ आहे, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

याचे कारण टाहोत शोधण्यापेक्षा त्यानंतर येणाऱ्या लहानशा दृश्यात शोधावे लागते. आरंभी रस्त्याने चालताना नीतेच्या चपलेचा पट्टा तुटला होता. नवी चप्पल घेणे तिला परवडत नव्हते, कारण तिच्या मिळकतीला घरातल्या प्रत्येकाच्या गरजांची वाट माहीत होती. शेवटी वसाहतीत परतलेल्या भावाला त्याच रस्त्यावर दुसरी एक मुलगी दिसते. तिच्याही चपलेचा पट्टा तुटतो. ती किंचित ओशाळून हसते आणि पाय ओढत पुढे जाते. टाहोने जे विरेचन साधले असते, ते हे दृश्य उधळून लावते. नीता संपली, पण नीतेची गोष्ट संपलेली नाही. चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकासमोर पुन्हा रस्ता असतो, आणि त्या रस्त्यावर तुटक्या चपलेने चालणारे कोणी ना कोणी असतेच. भावना पुरेशी व्यक्त झाली की नाही, हा येथे गौण प्रश्न ठरतो. व्यक्त होऊनही तिचा निकाल लागला नाही, हे महत्त्वाचे आहे. अतिनाट्य आणि संयम या दोन शैली आहेत. ठशाचे तत्त्व या शैलीभेदाच्या खालच्या स्तरावर वसते.

४

मराठी प्रेक्षकाच्या सामूहिक स्मरणात ज्या चित्रपटाचे स्थान निर्विवाद आहे, तो आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ (१९५३). साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या पुस्तकावर आधारलेला हा चित्रपट १९५४ साली पहिल्या राष्ट्रपती सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. त्याची पकड त्यातील संस्कारांच्या शिकवणुकीत आहे, असे सामान्यतः मानले जाते. परंतु बोधप्रधान चित्रपट त्यापूर्वीही झाले आणि नंतरही. त्यांतील बहुतेकांचा बोध विस्मृतीत गेला. मग येथे वेगळे काय आहे?

आंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो. आई आपले लुगडे पसरते आणि त्यावरून त्याला चालू देते. मग ती म्हणते की, पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस, तसेच मनालाही जप. पुस्तकातून चित्रपटात आलेला हा प्रसंग बोधाच्या दृष्टीने पूर्णपणे बंदिस्त आहे. उकलण्याजोगे त्यात काहीही शिल्लक नाही. त्यामुळे वर मांडलेल्या विचाराला तो अपवाद वाटू शकेल. परंतु आईचे वाक्य आणि आईची कृती यांत एक अंतर आहे, ते नजरेतून सुटू नये. वाक्य उपदेशाचे आहे. कृती मात्र हट्ट पुरवण्याची आहे, आणि ती आधी घडते. मन स्वच्छ ठेवायला सांगणारी स्त्री आपले वस्त्र मातीत अंथरून ते मळवते. या विसंगतीवर चित्रपट भाष्य करत नाही. ओले तळवे आणि जमीन यांचा संबंध प्रत्येकाच्या आयुष्यात रोज येतो. तेथे जो भाव जागा होतो तो बोधाचा नसून फेड न होऊ शकणाऱ्या ऋणाचा असतो. शिवाय पुस्तकाच्या मूळ रचनेत ही आई हयात नाही. मोठा झालेला श्याम आश्रमातील मित्रांना रात्रीमागून रात्र तिच्या आठवणी सांगतो. म्हणजे ही कथा पहिल्यापासूनच ठशाची कथा आहे. चित्रपटाने त्या ठशावर आपला ठसा उमटवला.

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ प्रदर्शित झाला तो २००४ साली. ‘श्यामची आई’नंतर सुमारे अर्धशतकाने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मराठीकडे आले ते याच चित्रपटामुळे. कोकणातून शहरातल्या रुग्णालयात आणलेल्या लहान परशुरामला डोळ्यांचा कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते आणि आजोबा कोणाला न सांगता नातवाला रुग्णालयाबाहेर घेऊन जातात. जे काही दाखवता येईल ते त्या दिवसात दाखवून घेण्यासाठी. शेवटी काळा चष्मा घातलेला मुलगा होडीतून गावाकडे परततो.

या चित्रपटात भाव ज्याला चिकटतो ती एखादी वस्तू नाही. ती पाहण्याची क्रियाच आहे. प्रेक्षक जे करायला चित्रपटगृहात आला तेच त्याच्यासमोर हिरावून घेतले जाणार असते. रस्ते, गर्दी, दुकाने ही दृश्ये कथानकात काहीही भर घालत नाहीत. एरवी ती भरताडच ठरली असती. येथे मात्र प्रत्येक दृश्य मुलाच्या शिदोरीत बांधले जात आहे, अशा जाणिवेने पाहिले जाते. ही शिदोरी त्याला पुरेल काय, याचे उत्तर चित्रपट देत नाही. परतीच्या खाडीचे पाणी प्रेक्षकाला दिसते आणि मुलाला दिसत नाही. चित्रपट संपतो तो या तफावतीवर. ती भरून काढण्याचा कोणताही मार्ग प्रेक्षकाला उपलब्ध नसतो, म्हणूनच तो ती बरोबर घेऊन जातो.

५

या मांडणीवर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, माळ, चपलेचा पट्टा, ओले तळवे ही केवळ प्रतीके आहेत आणि त्यांच्यासाठी नवी संज्ञा अनावश्यक आहे. परंतु प्रतीक आपल्यापलीकडच्या अर्थाकडे निर्देश करते आणि तो अर्थ हाती आला की वस्तू मागे पडली तरी चालते. येथे वस्तू मागे पडत नाही. तुटलेला पट्टा दारिद्र्याचे प्रतीक आहे असे म्हणून झाल्यावरही पट्टा तुटलेलाच राहतो. उद्बोधक आणि प्रतीक यांतील हा भेद पाळणे आवश्यक आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोणाला कोणती गोष्ट आठवावी हे ज्याच्या त्याच्या आयुष्यावर अवलंबून असते. मग ही चर्चा कलाकृतीची न राहता प्रेक्षकाच्या मानसशास्त्राची होते. आक्षेपात तथ्य आहे, पण मर्यादित. पुनर्विशेषीकरण कोणत्या प्रेक्षकात घडेल हे चित्रपट ठरवू शकत नाही. ते घडण्याची सोय मात्र त्याच्या रचनेत असते अथवा नसते. ‘मेघे ढाका तारा’त चपलेचा पट्टा आरंभी तुटतो तेव्हा त्या दृश्याला भावनिक भार नसतो. त्या निर्भार दर्शनामुळेच शेवटी तीच गोष्ट भार पेलू शकते. वस्तूची अशी पूर्वतयारी आणि शेवटी भावनेचा निकाल न लावणे, या दोन्ही रचनागत बाबी आहेत आणि समीक्षेच्या कक्षेत येतात.

तिसरा प्रश्न मूल्याचा. ठसा टिकला म्हणजे चित्रपट श्रेष्ठ ठरतो काय? तसे म्हणता येणार नाही. भीतीचा ठसाही टिकतो, आणि द्वेषाचा प्रचार करणारे चित्रपटही वस्तूंना, वेशांना, चेहऱ्यांना भाव चिकटवत असतात. परंतु तेथे भाव आणि वस्तू यांचा संबंध पक्का बांधून दिलेला असतो. वस्तू दिसली की कोणता भाव जागा व्हावा, हे आधीच ठरलेले असते. माळेच्या प्रसंगात तसे नाही. तेथे करुणा, लाज, माया आणि गुपिताचे ओझे यांचा गुंता सुटत नाही. ठशाच्या टिकाऊपणाइतकाच त्याचा हा मोकळेपणाही तपासला गेला पाहिजे. मूल्यविचाराची जागा तेथे आहे.

या दृष्टीने लोकप्रिय कौटुंबिक चित्रपटांचाही फेरविचार करता येईल. विजय कोंडके यांच्या ‘माहेरची साडी’ला (१९९१) स्त्रीप्रेक्षकांनी जो प्रतिसाद दिला, त्याची वासलात सुशिक्षित समीक्षेने ‘रडका चित्रपट’ एवढ्या दोन शब्दांत लावली. त्या चित्रपटाच्या रचनेतील ढोबळपणा नाकारण्याचे कारण नाही. पण त्याचे शीर्षकच एका वस्तूचे नाव आहे, आणि ती वस्तू त्या प्रेक्षक-स्त्रियांच्या पेटीत अथवा कपाटात खरोखरच होती, किंवा कधी आलीच नव्हती. त्या साडीची घडी उलगडताना अथवा तिची उणीव जाणवताना त्यांच्या मनात काय जागे होत असेल, हा प्रश्न न विचारता दिलेला निकाल अपुरा आहे. त्या अश्रूंचा काही भाग चित्रपटगृहात निचरून गेला असेल. काही भाग घरी गेला असण्याचीही शक्यता आहे. यांतील फरक ओळखण्याची साधने समीक्षेने घडवलेली नाहीत.

हे काम आज अधिक निकडीचे झाले आहे. एके काळी चित्रपट पुन्हा पाहण्याची संधी दुर्मीळ होती. त्यामुळे तो स्मरणातच वाढत, बदलत, प्रसंगी चुकतही राही. आता हवा तो प्रसंग हातातल्या यंत्रावर केव्हाही पाहता येतो आणि बहुधा तेवढाच पाहिला जातो. सर्वजयेचा निःशब्द आक्रोश दोन मिनिटांच्या तुकड्यात उपलब्ध असतो. माळ पाण्यात पडण्याआधीचा दीर्घ काळ त्या तुकड्यात नसतो. अशा तुकड्याने डोळे भरून येतील, कारण विभाव समोर आहेत तोवर रस आहे. परंतु ज्या वस्तूला भाव पुढे चिकटायचा तिचे निर्भार दर्शन प्रेक्षकाला कधी झालेलेच नसेल, तर रस ओसरल्यावर मागे काय राहील, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर अश्रूंच्या मोजमापातून मिळणार नाही. त्यासाठी पट्टा पहिल्यांदा तुटतो त्या दृश्यापाशी, जेथे अजून कोणीच रडत नसते, समीक्षेला थांबावे लागेल.